हैबतच्या नावानं मारलेली हाक

मंडळी,

दारात उभे आहेत त्यांनी आत या. खिडकीखालचं बाक रिकामं आहे. दारात घुटमळणारी माणसं मास्तरांना चालायची नाहीत. "आत तरी ये, नाही तर जा तरी," म्हणायचे. वर्गातल्या पोरांना म्हणायचे आणि घरातल्या मांजरालाही.

मला बोलायला सांगितलंय. गेलं वर्षभर मीच त्यांच्या ओट्यावर पडलेला असायचो, तेव्हा सांगणं बरोबरच आहे. पण मला बोलवत नाही. दुःख तर आहेच, ते इथं सगळ्यांनाच आहे. माझी अडचण दुसरी आहे आणि ती सांगायलाच मी उभा आहे. खिशात चार पानं लिहून आणली आहेत. ती काढत नाही. फार छान उतरली आहेत, म्हणूनच काढत नाही.

लांबून आलेल्यांसाठी सांगतो. मी मधू. मास्तरांच्या वाडीच्या कुंपणापलीकडे आमचं घर. मुंबईला कॉलेज केलं, आता गोष्टी लिहितो. त्या कुणाला कळत नाहीत. काकूंना, म्हणजे मास्तरांच्या पत्नीला, एकदा एक वाचून दाखवली. त्यांनी विचारलं, "यात शेवटी होतं काय?" म्हटलं, "काही होत नाही, काकू." त्या म्हणाल्या, "मग मी तोवर ताक घुसळते."

हसा. मास्तरही हसले होते.

मास्तरांच्या गोष्टींत मात्र होत असे. वामनमास्तर पापडीच्या शाळेत गणित शिकवायचे आणि सुट्टीत साहसकथा लिहायचे. सोळा पुस्तकं लिहिली. सगळ्यांचा नायक एकच, हैबत. जुन्या काळचा, अर्नाळ्याकडचा दर्यावर्दी. दर पुस्तकात हैबत पकडला जातो, दर पुस्तकात सुटतो. पाचूबंदरला बस्त्यावदादांच्या होडीवर जाळी शिवताना एक जण हैबत वाचतो आणि बाकीचे ऐकतात, हे तुम्हाला माहीत आहे. बस्त्यावदादा समोरच बसलेत. त्यांनी एकदा मास्तरांना भर बाजारात अडवलं होतं. "मास्तर, तुमचा हैबत कधी पाप करीत नाय. मंग फादरकडं पाप कबूल कराया, कुमसाराला जाऊन सांगतो तरी काय?" मास्तर म्हणाले, "तो तुमच्या चर्चचा नाही, बस्त्याव." दादा म्हणाले, "नसंल. पन कुठं तरी सांगत असंल ना?"

मी त्या दिवशी मास्तरांबरोबर होतो. मला वाटलं, होडी हाकणाऱ्या या तांडेलानं माझ्या मनातलंच विचारलं. फक्त मी ते इंग्रजी पुस्तकं वाचून विचारत होतो.

माझं भांडण हेच होतं. रोज व्हायचं. मी म्हणायचो, "मास्तर, तुमचा हैबत मोकळा नाहीच. त्याला कायम ठाऊक असतं काय करायचं ते. बेडी तुटली की पहिल्यांदा शेजारच्या म्हाताऱ्याला पाणी पाजतो. शत्रू बुडायला लागला की दोर फेकतो. माणूस मोकळा म्हणजे त्यानं दोर फेकायचा की नाही, हे कुणालाच आधी सांगता येऊ नये. त्याला स्वतःलासुद्धा." मला माझं वाक्य फार आवडायचं. देश इंग्रजांपासून सुटून पाच-सहा वर्षं झाली होती. मोकळं होण्याबद्दल माझ्या पिढीला पुष्कळ बोलायचं होतं.

मास्तर सुपारी कातरत ऐकायचे. मग म्हणायचे, "बेडी तोडणं सोपं असतं रे. मी दर पंधरा पानांनी तोडतो. पाय मोकळे झाल्यावर ते कुठे जातात, तिथं माझं पान अडतं."

आणि एकदा त्यांनी दुसरंही सांगितलं. चळवळीत ते आठ महिने तुरुंगात होते, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. सुटले तो दिवस त्यांनी कुणाला सांगितला नव्हता. मला सांगितला. शेजारच्या कोठडीत एक जण होता. त्याचं तोंड त्यांनी कधी पाहिलं नाही, फक्त भिंतीवर ठोकायचा. मास्तरांना न्यायला शिपाई आला तेव्हा तो आतून हाका मारायला लागला. मास्तरांचं नाव त्याला माहीत नव्हतं. "ओ भाऊ," म्हणत होता. "ओ भाऊ, जरा थांबा." शिपाई म्हणाला, चला. मास्तर चालले. फाटकाबाहेर येऊन अर्धा तास तिथंच उभे राहिले. पुढं घरी आले. "काय करू शकत होतो?" मला म्हणाले. "काहीच नाही. थांबू शकत होतो, जरासा. दाराशी जाऊन काय म्हणतोस असं विचारू शकत होतो. तेवढा मोकळा मी होतो." त्याच उन्हाळ्यात त्यांनी पहिला हैबत लिहिला.

हे सगळं ऐकूनही मी भांडतच राहिलो. हे लक्षात ठेवा. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

आता मास्तरांची लिहिण्याची रीत. बऱ्याच जणांना ती वेडेपणा वाटायची. स्वतः चालून बघितल्याशिवाय ते काही लिहीत नसत. हैबत खाडी पोहून गेला असेल तर मास्तर आधी खाडीत उतरायचे. हैबत ताडावर चढला तर मास्तर ताडावर, आणि खाली काकू हाका मारतायत. आपल्या इथल्या किल्ल्यातलं भुयार तर त्यांनी इतक्यांदा चालून काढलं होतं की आत किती पावलांवर वळण आहे ते झोपेत सांगतील. अलीकडे सोबतीला मी असायचो. एकानं हैबत व्हायचं, दुसऱ्यानं जो कोण असेल तो. आणि एक नियम होता. भुयारात शिरलं की खरी नावं बाहेर. आत मधू नाही, मास्तर नाही. हाक मारायची तर गोष्टीतल्या नावानं. "खऱ्या नावानं हाक मारलीस की मी वामन होतो," ते म्हणायचे, "आणि वामन भित्रा आहे."

सतरावं पुस्तक शेवटच्या प्रकरणापाशी अडलं होतं. हैबत भुयारातून पळतोय. त्याच्या मागं नाईक, त्याचा जन्माचा वैरी. वरून माती कोसळते, नाईकाचा पाय दगडांत अडकतो. त्याची मशाल विझलीय. हैबतच्या हातात उजेड आहे आणि पुढं भुयाराचं तोंड दिसतंय. मागून नाईक हाका मारतो. हैबत परत जातो का?

मी म्हटलं, "या वेळी नको. या वेळी त्याला जाऊ द्या. एकदा तरी मोकळा करा त्याला."

मास्तर म्हणाले, "चालून बघू."

भर दुपारी गेलो. दोर बस्त्यावदादांकडून घेतला. दादा म्हणाले, "मास्तर, धा रुपयाचा दोर हाय, हैबतला सांगा कापू नको." किल्ल्यात चिटपाखरू नव्हतं. ऊन इतकं होतं की ताडांच्या सावल्या बुंध्याशी गोळा झालेल्या. बंदराकडून वाळत्या बोंबलांचा वास येत होता. भुयाराच्या तोंडाशी मास्तरांनी कंदील माझ्या हातात दिला. "तू हैबत. मी नाईक. हैबत म्हणून तुला जे करावंसं वाटेल ते कर. मी तेच लिहीन."

कंदील माझ्याकडे. हे ध्यानात घ्या. उजेड हैबतकडे असतो.

आत गेलो. वळण गेलं. पुढं छत खाली येतं, ओणवं होऊन जावं लागतं. तिथं मास्तर थांबले, नाईक अडकतो ती जागा तीच. मी पुढून वळसा घालून दुसऱ्या तोंडाकडे निघालो. मागून आवाज आला, "हैबत!" नाईकाचा आवाज, भारदस्त. मास्तर नक्कल फार चांगली करायचे. मी चालत राहिलो. "हैबत, उजेड दाखव." मी चालत राहिलो. मला आतून उकळ्या फुटत होत्या. मी जिंकत होतो.

मी बाहेर आलो. उन्हात. दगडावर बसलो, कंदील विझवला आणि विडी पेटवली.

आतून हाका येत होत्या. "हैबत, पाय निघत नाही." हे वाक्य कच्च्या खर्ड्यात होतं, मंडळी. मीच ते वाचलेलं होतं. नाईक तेच म्हणतो. "हैबत, पाय निघत नाही." मग जरा खाली गेलेला आवाज. मग नुसतंच, "हैबत." सांगा मला, मी काय समजायचं होतं? त्यांनी एकदा, एकदाच मधू म्हटलं असतं तर मी धावत गेलो असतो.

मास्तर गेल्यापासून चौदा रात्री मी स्वतःला हे सांगतोय. आज सांगताना ते मला पटत नाहीये. आवाज बदलला होता. मला कळलं होतं. पूर्ण नाही, पण बसल्या जागी विडी विझेल इतपत कळलं होतं. मी ती पुन्हा पेटवली. मला वाद जिंकायचा होता. त्याहून मोठं काही कारण नव्हतं.

मग हाका थांबल्या.

आणि थोड्या वेळानं आतून बोलण्याचा आवाज यायला लागला. हाक नव्हे, बोलणं. माणूस चालता चालता सोबतच्याशी बोलतो ना, तसं. दोन शब्द, मग थांबणं, मग पुन्हा दोन शब्द. थांबण्यात कुणी काही म्हणत असेल तर ते मला ऐकू आलं नाही. मास्तरांचाच आवाज होता तो. आवाज जवळ जवळ येत गेला. भर दुपार होती, माझ्या पाठीवर ऊन होतं, आणि मी विडी टाकून दिली.

मास्तर बाहेर आले. एका पायात वहाण नव्हती. पावलातून रक्त येत होतं. आणि त्यांचा उजवा हात असा होता. असा, पुढं आणि थोडा वर. आपल्याहून उंच माणूस आपल्याला हाताला धरून नेत असेल तर असतो तसा. त्यांच्यापुढं कुणी नव्हतं. त्यांच्या आधी त्या तोंडातून कुणी बाहेर आलं नाही, मी तिथंच बसलो होतो. उन्हात आल्यावर त्यांची मूठ उघडली आणि हात खाली आला.

ते म्हणाले, "आलास ना. मला ठाऊक होतं तू येशील."

त्यांना वाटलं मी परत आत गेलो. अंधारात माझा हात धरून ते आले, असं त्यांना वाटलं. मंडळी, तिथं मला एक वाक्य बोलायचं होतं. "मास्तर, मी आलो नव्हतो." पाच शब्दसुद्धा नाहीत. मी म्हटलं, "चला, पाय धुऊ."

पाय धुतला. गंजका खिळा होता, खोल गेला होता. घरी काकूंनी हळद भरली. आठव्या दिवशी जबडा आवळला. पुढचं तुम्हाला माहीत आहे. डॉक्टर धनुर्वात म्हणाले. माझ्या हातात कंदील होता आणि तो मी बाहेर नेला, म्हणून तो खिळा त्यांना दिसला नाही. हे डॉक्टरांना कुणी सांगितलं नाही. मी आज तुम्हाला सांगतोय.

आणि एवढंच असतं तरी मी कदाचित गप्प बसलो असतो. भित्र्या माणसाला गप्प बसायला जागा मिळत असते. पण मधल्या सात दिवसांत मास्तरांनी शेवटचं प्रकरण लिहून पुरं केलं. ही ती वही. छापखान्यासाठी नीट उतरवून काढायला ती माझ्याकडे आली. हैबत परत जातो. नाईकाचा हात धरून त्याला बाहेर आणतो. सोळा पुस्तकांत नाही असं ते प्रकरण आहे, तुम्ही वाचाल तेव्हा कळेल. त्यात हैबतला आधी काही ठाऊक नसतं. तो पुढं जातो, थांबतो, पुन्हा पुढं जातो, शिवी देतो आणि मग वळतो. बस्त्यावदादा, तुमचं मागणं पुरं झालंय. हैबतला सांगायला एक पाप मिळालंय. जेवढा वेळ तो वळला नाही, तेवढं.

आणि पहिल्या पानावर अर्पणपत्रिका. वाचतो. "परत आलेल्या मधूस."

मी ही ओळ चौदा दिवस घेऊन फिरतोय. सोमवारी छापखान्याची माणसं येणार आहेत. काकू, मी तुमची परवानगी मागायला उभा आहे. ही ओळ मी खोडतो. मी परत आलो नव्हतो. मास्तर चुकीच्या माणसाला पुस्तक देऊन गेले.

...

काय म्हणालात, काकू?

...

हो. थांबा. मागच्यांना ऐकू गेलं नसेल, मी सांगतो. काकू म्हणतायत, "तू आला नव्हतास, ते त्यांना माहीत होतं. त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं मला. म्हणाले, मधू काही आला नाही. दुसराच कोणी तरी आला."

...

काकू म्हणतायत, "तुझा हात त्यांना माहीत होता. तुझा मऊ, शाईचा. तो हात खरखरीत होता म्हणाले, आणि मनगटावर घट्टा. बेडीचा पडतो तसा."

मला जरा पाणी द्या.

म्हणजे ते वाक्य मला नव्हतं. "आलास ना, मला ठाऊक होतं." मी समोर होतो म्हणून मला वाटलं. आता आठवतंय, ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या शेजारी बघत होते. तिथं नुसतं ऊन होतं.

हां, बस्त्यावदादा? "कोन व्हता मंग आत?" दादा, मला माहीत नाही. मी सांगितलं ना, माझ्यासमोर कुणी बाहेर आलं नाही. हैबत होता की तो भिंत ठोकणारा होता, की तापाच्या आधीचा ताप होता, तुम्ही ठरवा. मी कॉलेज शिकलेला माणूस आहे. मला या प्रश्नाला एक उत्तर द्यायला हवं.

मला दुसरंच कळत नाहीये. काकू, त्यांना माहीत होतं, तर मग त्यांनी ही ओळ का लिहिली?

...

काकू म्हणतायत, "मीही तेच विचारलं. म्हटलं, अहो, खोटं कशाला लिहिता? तर म्हणाले, लिहून ठेवतो. येईल."

...

मंडळी, या माणसानं आयुष्यभर चालून बघितल्याशिवाय एक ओळ लिहिली नाही. खाडी पोहले, ताडावर चढले, भुयारं मोजली. ही एकच ओळ त्यांनी न चालता लिहिली. आणि ती माझ्यावर लिहिली.

मला वाटायचं, मोकळा माणूस म्हणजे तो काय करील हे कुणाला आधी सांगता येत नाही. मास्तरांनी ते खोडलं नाही. तेही म्हणाले, सांगता येत नाही. म्हणूनच वाट बघितली. त्यांनी मला हाक मारली तेव्हा मी गेलो नाही, आणि तरी घरी येऊन माझी वाट बघत सात दिवस लिहीत बसले. मी रोज जायचो त्यांच्याकडे. उशाशी बसायचो. रोज ते माझ्याकडे बघायचे. मी म्हणायचो, "आज बरं वाटतंय ना?" माझ्या लक्षात आलं नाही की मी न बोललेल्या त्या एका वाक्याची ते वाट बघतायत. जबडा आवळल्यावरही बघत होते.

मी उशिरा आलो, मास्तर. तुम्ही असताना यायला हवं होतं.

आता मी काय करणार ते सांगतो आणि बसतो. तुम्ही सगळे साक्षी आहात. काकू, ओळ मी खोडत नाही. ती त्यांची आहे, तिला हात लावायचा हक्क मला नाही. पण तिच्याखाली मी माझी एक ओळ लिहितो, आणि दोन्ही तशाच छापल्या जातील. त्यांची वर, माझी खाली. आत्ता, इथं लिहितो. कुणाकडे पेन्सिल आहे? द्या.

"मी परत गेलो नव्हतो. मधू."

लिहिलं. वही काकूंजवळ द्या. पुढं न्या, हातोहात. सोमवारी ती काकूंच्या हातूनच छापखान्यात जाईल. वाचणाऱ्यांनी दोन्ही ओळी वाचाव्यात आणि मला काय म्हणायचं ते म्हणावं. बाजारात अडवून म्हणा. मी थांबेन.

आता आपण उभे राहू. भाषणं संपली. कुणी घड्याळ बघू नका, दोन मिनिटं मोजू नका. काकू, तुम्ही बसाल तेव्हा आम्ही बसू.